रकान्यात न मावणारं नाव

समजा, आपले एक कुलकर्णी नोकरीनिमित्त टोकियोला गेले. कोथरूडचे, साधेसुधे, अनिकेत रमेश कुलकर्णी. गृहस्थ काल्पनिक आहेत, पण त्यांच्यावर पुढे जे जे गुदरणार आहे ते तिथे राहणाऱ्या माणसांना रोज भेटतं.

पहिला प्रसंग बँकेतला. जपानी अर्जात नावासाठी दोन रकाने असतात, आडनाव आणि नाव. तिसरा नसतो, कारण जपानी माणसाला मधलं नाव नसतंच. कुलकर्णींच्या पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळं आणि 'अनिकेत रमेश' एकत्र छापलेलं आहे. त्यामुळे जपानच्या दृष्टीने त्यांचं नावच 'अनिकेतरमेश'. वडिलांना पुण्यात ठेवून आलेला मुलगा आता दवाखान्याच्या चिठ्ठीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडे त्यांना सोबत घेऊन फिरतो.

त्यातून नाव लिहायचं काताकाना लिपीत. परकीय शब्दांसाठी वापरायची ही अक्षरमाला. तिच्यात 'न' सोडला तर सुटं व्यंजन जवळपास नाही, म्हणून प्रत्येक जोडाक्षर सोडवावं लागतं. कुलकर्णींचे होतात 'कुरुकारुनि'. ल आणि र एकच, ळ तर औषधालाही नाही. जोशींची गंमत निराळी. जपानीत 'जोशी' म्हणजे मुली, बायका. महिला विद्यापीठाच्या नावात हा शब्द हटकून सापडतो, त्यामुळे मिशीवाल्या जोशींनी ओळख करून दिली की समोरचा क्षणभर थबकतो. काळे 'कारे' झाले तर त्याचा अर्थ 'तो', आणि शेवटचा स्वर जरा लांबला तर थेट 'करी', भातावर ओतायची.

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट वाटते, पण खरी अडचण इथूनच सुरू होते. परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणे रोमन अक्षरांत असतं. काताकानातलं रूप त्यावर नसतं, म्हणून ते जो तो कारकून आपल्या कानाने ठरवतो. बँकेत 'आनिकेतो', कंपनीत 'आनिकेत्तो'. तिकडे बँकेतून बँकेत पैसे पाठवताना खातेदाराचं काताकानातलं नाव जुळावं लागतं. एका छोट्या 'त्'मुळे पगार अडकू शकतो. माणूस एक आणि कागदावर दोन, हे सिद्ध करायची जबाबदारी अर्थात माणसाची.

२०२४च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाखांहून अधिक परदेशी नागरिक राहत होते. त्यांत भारतीय ५० हजारांच्या वर. यांच्याविषयी बोलताना आपण भाषा, जेवण, थंडी, एकटेपणा यांवर बोलतो. ते सगळं खरं आहे, पण भाषा शिकता येते, जेवणाची सोय होते आणि थंडीला कोट असतो. पाच-दहा वर्षं राहिल्यावरही जे संपत नाही ते वेगळंच असतं. प्रत्येक देशाची यंत्रणा तिथे जन्मलेल्या माणसाच्या मापाने शिवलेली असते. नागरिक जन्मल्यापासून नोंदींच्या साखळीत आपोआप ओवला जातो, परदेशी माणसाला ती साखळी एकेक कडी हाताने जोडत तयार करावी लागते.

पत्ता, फोन, खातं

पहिली कडी विमानतळावर मिळते. नारिता किंवा हानेदाला उतरलं की दीर्घ मुदतीच्या रहिवाशाच्या हातात 'झाइर्यू कार्ड', म्हणजे रहिवाशाचं ते ओळखपत्र, पडतं. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाने ते सदैव जवळ बाळगायचं असतं. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही. ते जवळ नसेल तर कायद्याने दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. घर मिळालं की १४ दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात जाऊन कार्डाच्या पाठीवर पत्ता लिहून घ्यायचा. घर बदललं की पुन्हा १४ दिवस. नोकरी बदलली तरी १४ दिवस, पण ते इमिग्रेशन खात्याकडे.

पुढच्या कड्या एकमेकींत अडकलेल्या असतात. मोबाइल घ्यायचा तर बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड दाखवा. खातं उघडायचं तर मोबाइल नंबर लिहा. घर भाड्याने हवं तर दोन्ही हवीत, आणि दोन्हींसाठी घराचा पत्ता हवा. शिवाय परकीय चलनाच्या कायद्यानुसार देशात येऊन सहा महिने न झालेला आणि तिथे नोकरी नसलेला माणूस 'अनिवासी' धरला जातो, त्यामुळे विद्यार्थ्यांना कित्येक बँका सरळ थांबायला सांगतात. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. सुटका बहुधा कंपनीच्या एखाद्या सहकाऱ्यामुळे होते. तो आपला नंबर देतो, सोबत येतो, बँकेत दोन तास बसतो. परदेशात पहिल्या महिन्यात माणूस ओळखीवर जगतो. आपल्याकडे 'वशिला' म्हटलं की नाक मुरडतो तो शब्द तिथे फार प्रेमळ वाटू लागतो.

मग शिक्का. जपानमध्ये सहीच्या जागी 'हांको', म्हणजे नावाचा छोटा गोल शिक्का उमटवायची जुनी पद्धत. सातो, सुझुकी, तानाका यांचे शिक्के शंभर येनच्या दुकानात तयार मिळतात, कुरुकारुनिचा घडवून घ्यावा लागतो. मोटार किंवा घर घ्यायचं तर वॉर्ड कार्यालयात नोंदवलेला शिक्का लागतो. त्याची बाजू ८ मिलिमीटरपेक्षा लहान नको, २५ मिलिमीटरपेक्षा मोठी नको, आणि त्यावरचं नाव नोंदीतल्या नावाशी जुळायला हवं. पुन्हा नाव आलंच! २०२०मध्ये प्रशासकीय सुधारणांचे मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामातले शिक्के काढून टाकायची मोहीम हाती घेतली आणि बहुतेक अर्जांवरून ते गेलेही. पण नोंदवलेला शिक्का अजून घराघरात ड्रॉवरच्या तळाशी जपून ठेवलेला असतो.

घराचा शोध

परदेशी रहिवाशाला 'आपण परदेशी आहोत' हे सर्वांत स्पष्टपणे सांगते ती घरांची एजन्सी. एजंट अत्यंत नम्रपणे घरमालकाला फोन लावतो, आणि फोनवरचं पहिलंच वाक्य असतं, "ग्राहक परदेशी आहेत, चालेल का?" पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या किंचित झुकलेल्या मानेवरून कळतं. २०१७मध्ये जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांच्या पहिल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना परदेशी असल्याच्या कारणावरून घर नाकारलं गेलं होतं.

घर मिळालं तर पैशांचा हिशोब सुरू होतो. 'शिकीकिन' म्हणजे अनामत, ती दुरुस्तीखर्च वजा जाता परत मिळते. 'रेइकिन' म्हणजे आभाराचे पैसे. घर दिल्याबद्दल मालकाला महिन्या-दोन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम भेट द्यायची आणि विसरून जायची. दर दोन वर्षांनी करार वाढवताना बऱ्याच ठिकाणी आणखी एका महिन्याचं भाडं. आणि 'होशोनिन', म्हणजे जामीनदार. कुटुंबातला, जपानात राहणारा, कमावता माणूस जामीन हवा. कुलकर्णींचे काका नागपूरला आहेत, त्यांचा काय उपयोग? मग हमी देणाऱ्या कंपनीला फी भरून जामीन विकत घ्यावा लागतो.

टोकियोच्या पूर्वेला एदोगावा वॉर्डात निशि-कासाइ नावाचा भाग आहे. आज त्याला लोक 'लिटल इंडिया' म्हणतात. तूरडाळ, कढीपत्ता, पोह्यांची पाकिटं तिथे दुकानात मिळतात. भारतीय नेमके तिथेच का जमले याचं उत्तर या अटींमध्ये आहे. सन २०००च्या सुमारास 'वायटूके'च्या, म्हणजे साल बदलताना संगणक गोंधळतील या भीतीने संगणक अभियंत्यांना मागणी आली आणि भारतीय तरुण टोकियोच्या बँकांमध्ये, वित्तसंस्थांमध्ये कामाला आले. ओतेमाची, निहोम्बाशी या कचेऱ्यांच्या भागात निशि-कासाइहून तोझाइ मेट्रोने थेट जाता येतं. आणि त्याच परिसरात निमसरकारी गृहसंस्थेच्या मोठमोठ्या इमारती होत्या. तिथे आभाराचे पैसे नाहीत, जामीनदार नाही, नूतनीकरणाची फी नाही आणि राष्ट्रीयत्वावरून नकार नाही. पगाराची आणि निवासाच्या परवान्याची अट पुरी केली की झालं. चार अटी गळल्या आणि एक वस्ती उभी राहिली. मंदिर, डाळीची दुकानं, गरबा सगळं मागाहून आलं.

सीलचं रहिवासपत्र

जपानमध्ये दोन मोठ्या नोंदी असतात. 'कोसेकी' ही कुटुंबाची नोंद: जन्म, लग्न, मृत्यू, सगळं तीत. ती फक्त नागरिकांची. परदेशी माणसाने जपानी व्यक्तीशी लग्न केलं तर त्याचं नाव जोडीदाराच्या नोंदीत शेऱ्यासारखं येतं, त्याचं स्वतःचं पान उघडत नाही. दुसरी 'ज्यूमिनह्यो', म्हणजे रहिवासाची नोंद. हिच्यातून २०१२पर्यंत परदेशी लोक वगळलेले होते, त्यांची नोंद वेगळ्या 'परकीय नोंदणी' कायद्याखाली होई. परिणामी मिश्र विवाहाच्या घरचा दाखला काढला तर त्यात आई आणि मुलं दिसायची, बाप गायब. मुलाच्या शाळेत दाखला देताना तो हयात आहे आणि बाहेर बाकावर बसला आहे, हे तोंडी सांगावं लागे.

२००२च्या उन्हाळ्यात तामा नदीत एक दाढीवाला सील वाट चुकून आला. लोकांनी त्याला 'तामा-चान' म्हणून डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी योकोहामाच्या निशी वॉर्डाने कौतुकाने त्याला मानाचं रहिवासपत्र देऊन टाकलं. वीस-तीस वर्षं कर भरणाऱ्या माणसांना जे मिळत नव्हतं ते एका समुद्रप्राण्याला सहज मिळालं. तेव्हा काही परदेशी रहिवासी गालांवर मिशा रंगवून योकोहामाच्या रस्त्यावर उतरले: आम्हीही सील आहोत, आता द्या! ९ जुलै २०१२ रोजी नवा कायदा लागू झाला, परकीय नोंदणीची पद्धत संपली आणि परदेशी माणसं शेजाऱ्यांच्याच रजिस्टरमध्ये आली.

त्या जुन्या कायद्याची सर्वाधिक झळ बाहेरून आलेल्यांना बसलीच नव्हती. वसाहतकाळात जपानात आलेले कोरियन आणि तैवानी लोक तेव्हा जपानी साम्राज्याचे प्रजाजन होते. २८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्को करार अमलात आला आणि ते एका दिवसात परदेशी झाले, न हलता. जपानचं नागरिकत्व जन्मस्थानावर नव्हे तर रक्तावर ठरतं, म्हणून त्यांची तिथेच जन्मलेली, जपानीच बोलणारी मुलंनातवंडंही परदेशी राहिली. नोंदणीसाठी त्यांना बोटांचे ठसे द्यावे लागत. १९८० साली शिंजुकू वॉर्डात एका कोरियन रहिवाशाने ठसा द्यायला नकार दिला आणि त्यातून मोठी चळवळ उभी राहिली. ही ठशांची सक्ती कायम रहिवाशांपुरती १९९३मध्ये आणि सर्वांसाठी २०००मध्ये उठली. आज कुलकर्णी वॉर्ड कार्यालयात नुसतं कार्ड दाखवून दहा मिनिटांत मोकळे होतात, त्यामागे या लोकांची वीस वर्षं आहेत.

चकलीचं तेल

सरकारी नोंदी झाल्या तरी एक नोंद उरते, शेजाऱ्यांच्या मनातली. ती कचऱ्यावर अवलंबून असते.

जळणारा कचरा ठरलेल्या दोन वारी, न जळणारा महिन्यातून एक-दोनदा, बाटल्या, डबे, कागद यांचे वार वेगळे. सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी ठेवायचा, आदल्या रात्री नाही, आणि कावळ्यांसाठी वरून जाळी ओढायची. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचं झाकण काढायचं, वेष्टन सोलायचं, खळबळून धुवायची, चेपायची. दुधाचा खोका धुऊन, कापून, उलगडून वाळवायचा. सोफा टाकायचा तर आधी फोन, मग दुकानातून स्टिकर विकत, मग ठरलेला दिवस. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु या डोंगरी गावात कचऱ्याचे ४०हून अधिक प्रकार करतात. चुकलेली पिशवी गाडी उचलत नाही. कारण सांगणारी चिठ्ठी चिकटवून ती तिथेच ठेवून जाते, आणि दिवसभर सगळी गल्ली ती पाहते. परदेशी बिऱ्हाड एकच असेल तर पिशवी कोणाची यावर फारशी चर्चा होत नाही. पुष्कळदा ती दुसऱ्याचीच असते.

दिवाळीत खरी परीक्षा. चकल्या, शेव, अनारसे झाल्यावर कढईत उरलेल्या तेलाचं काय करायचं? मोरीत ओतणं म्हणजे महापाप. सुपरमार्केटात त्यासाठी पांढरी भुकटी मिळते. गॅस बंद करायचा आणि तेल गरम असतानाच ती ढवळून टाकायची. तासाभराने तेल थिजून खरवसासारखं घट्ट होतं, कडेने उलथनं फिरवलं की अख्खी चकती सुटते आणि ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. पहिल्यांदा हे करणाऱ्या सुगरणीला आधी हसू येतं, मग वाटतं, हे पुण्यात का मिळत नाही!

शेजाराची दुसरी खूण म्हणजे 'काइरानबान'. मोहल्ला समितीची सूचनापत्रं लावलेली फळी घरोघर फिरते. पाहिल्याची खूण म्हणून आपल्या रकान्यात शिक्का मारायचा आणि ती पुढच्या घरी पोचवायची. दाटीने लिहिलेल्या कांजीमध्ये, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांत, काय आहे ते कळत नाही: कवायत, पाणी बंद, की कुणाचं निधन? तरी फळी अडवून ठेवायची नसते. बरेचसे परदेशी भाडेकरू या साखळीत घेतलेच जात नाहीत. त्यामुळे फळी दारात येणं हा त्रासही असतो आणि मानही.

सूचना न कळणं जिवावरही बेतू शकतं. १७ जानेवारी १९९५च्या कोबे परिसरातल्या भूकंपात परदेशी रहिवाशांना मदतीची माहितीच नीट पोचली नाही. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषा-अभ्यासकांनी 'सोपी जपानी' घडवायला घेतली. त्सुनामीच्या इशाऱ्यात 'उंचवट्यावर स्थलांतर करावे' अशा धाटणीचं वाक्य असतं, त्याऐवजी 'उंच जागी पळा'. सगळ्या भाषांत अनुवाद करायला आपत्तीत वेळ नसतो, मग आपलीच भाषा सोपी करायची. आता नगरपालिकांची पत्रकंही या भाषेत निघतात. यंत्रणा माणसाच्या मापाने सैल करता येते, याचं हे साधं उदाहरण.

कार्ड आणि पासपोर्ट

कुलकर्णी दहा वर्षं राहिले, कर भरला, निवृत्तिवेतनाचे हप्ते भरले. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम निवासासाठी अर्ज करता येतो. तोही मिळाला. व्हिसा वाढवायची कटकट गेली, गृहकर्ज मिळालं. कार्ड मात्र ठरावीक वर्षांनी नवं करायचंच. आणि देशाबाहेर गेलं तर ठरलेल्या मुदतीत परतायचं, नाहीतर 'कायम' संपतं.

'कायम' या शब्दाचं वजन किती ते २०२०मध्ये कळलं. कोविडच्या साथीत जपानने एकेका देशातून येणाऱ्या परदेशी लोकांना प्रवेश बंद केला, मेअखेरीस त्या यादीत भारतही आला. जपानी नागरिक तपासणी आणि विलगीकरण करून परत येऊ शकत होते. कायम निवासी परदेशी मात्र, यादीतल्या देशात गेला तर, घर, बायको, मुलं टोकियोत असूनही, काही अपवाद सोडता परतू शकत नव्हता. विषाणूला पासपोर्ट कळत नाही, नियमाला तेवढाच कळत होता. त्या उन्हाळ्यात आई-वडील गावाकडे आजारी असलेल्यांना दोनच पर्याय होते: जाणं आणि अडकणं, किंवा फोनवर बोलत राहणं. सप्टेंबरपासून बंधनं सैल होऊ लागली.

आई-वडिलांचा प्रश्न साथ गेल्यावरही राहिला. त्यांना आपल्याकडे कायमचं आणून ठेवण्यासाठी सर्वसाधारण असा व्हिसा जपानमध्ये नाही. भेटीला यायचं ते फार तर ९० दिवस. उच्च कौशल्याच्या श्रेणीतल्यांना सवलत आहे, पण तीही घरात सात वर्षांखालचं मूल किंवा गर्भवती असेल आणि उत्पन्न वर्षाला ८० लाख येन असेल तर. म्हणजे आजी-आजोबा नातवंड सांभाळायला येऊ शकतात. त्यांनाच सांभाळायची वेळ आली तर दार बंद.

कार्डाच्या 'कायम'पणावर भरवसा नसेल तर उपाय नागरिकत्व. पण भारत आणि जपान, दोघांनाही दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक यांनी २०१२मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं आणि एप्रिल २०१९मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. जपानमध्ये मतदाराला उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. 'पुराणिक योगेंद्र' किती जण बिनचूक लिहिणार? ते उभे राहिले 'योगी' या नावाने, दोन जपानी अक्षरांत. रकाना मोठा झाला नाही, नाव लहान झालं.

मधला रकाना

हे सगळं वाचून जपान फार कोरडा देश वाटेल, म्हणून नजर इकडे वळवू. चाकण, तळेगावच्या कारखान्यांत जपानी अधिकारी येतात. समजा, त्यांत एक तानाका आहेत. दीर्घ व्हिसा असेल तर त्यांनाही १४ दिवसांत परकीय नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. घरमालकाने वेगळा फॉर्म भरायचा, पोलिस पडताळणी व्हायची, सोसायटीची परवानगी हवी, आणि 'घरात मासे शिजवणार का?' हा प्रश्न आहेच. पॅन कार्डाच्या अर्जापाशी गाडी अडते. वडिलांचं नाव?

साठीकडे झुकलेल्या तानाकांना कळत नाही की कर आपण भरणार, तर वडील कशाला हवेत. त्यांच्या देशात शाळा सुटल्यावर कोणी हे विचारलं नव्हतं. ते दोनदा विचारून खात्री करतात आणि वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहितात. तिकडे टोकियोत त्याच सुमारास कुलकर्णी एका अर्जावर 'रमेश' कुठे बसवायचा ते शोधत असतात.